पाहुण्याला कुणी मारलं?

आमच्या त्या चित्रपटातले कुठलेही दोघे नगरात रस्त्यात भेटले, की खुशाली विचारायच्या आधी किस्सा सुरू होतो. माझी बायको म्हणते, "चित्रपट दोन तासांचा आणि गप्पा वीस वर्षांच्या!" खरंच आहे. लढाई नुकतीच संपली होती तेव्हाची गोष्ट. राजूरच्या पलीकडे डोंगरात, एका वाडीजवळच्या जुन्या बंगल्यात आम्ही एकेचाळीस दिवस राहिलो, आणि तेवढ्यात इतके किस्से साठले की अजून उपसतोय. शिवाय एकाच किस्स्याच्या प्रत्येकाकडे वेगवेगळ्या आवृत्त्या. त्यातली खरी कोणती, तर मी सांगतो ती. बाकीच्यांनी काय वाटेल ते सांगावं!

मी दानियल साळवे. नगरच्या मिशन शाळेत ड्रॉइंग मास्तर. घरी मोरीशेजारच्या खोलीत फोटो धुवायचो, एवढ्या शिदोरीवर नाना कोरडेनं मला कॅमेऱ्याच्या कामाला ओढलं. काम काय, तर फोकस. कॅमेऱ्याच्या भिंगापासून नटाच्या नाकापर्यंत टेप लावायचा, अंतर मोजायचं आणि तेवढं कॅमेऱ्यावर लावायचं. चूक झाली की माणूस धूसर आणि मागची भिंत स्वच्छ!

नाना पुण्याच्या एका स्टुडिओत बरीच वर्षं दुय्यम दिग्दर्शक होता. तिथे भांडून आला आणि म्हणाला, स्वतःचा चित्रपट काढणार. रहस्यपट. नाव 'घाटातला पाहुणा'. घाटातल्या बंगल्यात एक पाहुणा उतरतो, दुसऱ्या दिवशी त्याचा खून होतो, आणि बंगल्यात माणसं चारच. वकील, डॉक्टर, मालकीणबाई आणि खानसामा. चौघांपैकी मारलं कुणी?

ज्या थिएटरवाल्याकडे तो गेला त्यानं विचारलं, "गाणी किती?"

"एकही नाही."

"नटी कोण?"

"तुम्ही नाव ऐकलं नसेल."

"मग तुमच्याकडे आहे तरी काय, कोरडे?"

नाना म्हणाला, "एक नाव आहे. खुन्याचं. ते शेवटच्या पाच मिनिटांत सांगणार!"

त्या एका नावावर थिएटरवाल्यानं एक आठवडा दिला. नाव आधी फुटलं, की नगरात कुणी तिकडे फिरकणार नव्हतं आणि नाना पुन्हा त्याच स्टुडिओत, त्याच लोकांपुढे मान खाली घालून उभा राहणार होता. म्हणून त्यानं नियम केला. खुनी कोण हे फक्त दोघांना ठाऊक. एक तो स्वतः, आणि दुसरा कॅमेरामन आप्पा दळवी. कारण उजेड कसा पाडायचा ते ठरवणाऱ्याला सांगावंच लागतं. नटांना नाही, मला नाही, नानाच्या बायकोलाही नाही. आणि मला तर दुसऱ्याच्या डब्यात कोणती भाजी आहे हे कळल्याशिवाय स्वतःचा डबा गोड लागत नाही!

*

बंगल्यात वीज नव्हती. दिवे आणायची ऐपत नव्हती. मग घरातले प्रसंग घ्यायचे कसे?

आप्पा पहिल्या दिवशी बंगल्यात शिरला, छताकडे बघत दोन फेऱ्या मारल्या आणि एकच वाक्य बोलला, "कौलं काढा."

वाडीतली माणसं वर चढली आणि दिवाणखान्याची पूर्वेकडची कौलं उतरवली. वरून उन्हाचा हा एवढा मोठा चौकोन खाली! रुपेरी कागद चिकटवलेल्या फळ्या धरून तेच ऊन आम्ही पाहिजे त्याच्या तोंडावर फिरवायचो. इंग्रजीत त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. वाडीनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, चमकी.

पण ऊन काही आमच्या नोकरीत नव्हतं. ते सरकायचं. ते सरकलं की टेबल सरकवायचं, टेबलाबरोबर खुर्च्या, खुर्च्यांबरोबर नट. वकिलाच्या उलटतपासणीचा प्रसंग सकाळी पश्चिमेच्या भिंतीला सुरू झाला आणि दुपारी पूर्वेच्या भिंतीला संपला. ऊन इकडून तिकडे गेलं आणि त्याच्यामागून आमचा सगळा संसार!

वकिलाचं काम करणारे खरोखरचे वकील होते, नगरच्या कोर्टातले. हौस म्हणून आले होते. संध्याकाळी खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "साक्षीदार जागचे हलतात हे तीस वर्षं बघतोय. मुद्देमाल चालताना पहिल्यांदा पाहिला!"

*

ह्याच वकीलसाहेबांचा दुसरा पराक्रम.

त्या वेळी कोरी फिल्म मिळणं मुश्कील. आप्पानं ओळखीपाळखीनं स्टुडिओतले उरलेले तुकडे जमवले होते. कुठे ऐंशी फूट, कुठे दीडशे फूट. प्रसंग फिल्मच्या मापानं बेतायचे. नाना म्हणायचा, "ही दीडशे फुटी भीती. ह्याच्यापेक्षा जास्त घाबरायचं नाही!" मोठे अखंड डबे तीनच होते. ते आप्पा आपल्या उशाला ठेवून झोपायचा.

एक दिवस जेवणानंतर आप्पा हात धुवायला गेला. वकीलसाहेब डब्यापाशी आले, चिकटपट्टी सोडवली, झाकण उघडलं आणि फिल्म भर उन्हात धरून म्हणाले, "अहो मास्तर, ही तर कोरी आहे! एवढी जपता, हिच्यात चित्र कुठाय?"

मी धावलो, पण काय उपयोग? कोऱ्या फिल्मला उजेड लागला की ती मेली. चारशे फूट गेले!

आप्पा आला. बघितलं. ओरडला नाही, शिवी दिली नाही. गुंडाळी परत डब्यात भरली, झाकण लावलं, पट्टी चिकटवली आणि वर खडूनं लिहिलं, 'वकील'. बस्स.

वकीलसाहेब दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मास्तर, मेलेला डबा ते टाकून का देत नाहीत?" ते मलाही कळत नव्हतं. मीही मनात टिपून ठेवलं.

*

चित्रपटात एका प्रसंगाला धुकं पाहिजे होतं. तिकडे थंडीत सकाळी धुकं असतंच. रोज असायचं. ज्या दिवशी कॅमेरा लावला त्या दिवशी आभाळ असं स्वच्छ, की समोरच्या डोंगरावरची शेळी मोजावी!

नानानं डोकं चालवलं. पालापाचोळा आणि गवत आणून शेताच्या बांधाशी पेटवलं. धूर झाला, पण सरळ वर गेला. आणि धुराच्या मागोमाग तीन वाड्यांची माणसं धावत आली. नानाला वाटलं आग विझवायला आली. ती आली होती भांडायला!

पुढे ठकूबाई. साठीची बाई, कमरेला विळा. तिकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर शेण, पाला, गवत पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात, आणि ते उन्हाळ्यात. आम्ही भर थंडीत तिच्या बांधावर जाळ केलेला. ती नानाला म्हणाली, "आरं, कुन्या शान्यानं सांगितलं तुला ह्या दिसात राब भाजाया?"

"आजी, राब नाही. धुकं करतोय."

"धुकं?" तिनं जाळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "आन् ह्ये असं वर जानारं धुकं तू कुटं पाह्यलंस?"

तिनं विळा बाजूला ठेवला. खाली वाळलं शेण, वर ओला पाला, त्याच्यावर मूठ मूठ माती. वाऱ्याच्या अंगाला तीन ठिकाणी ढीग लावले आणि पेटवले. धूर उठला, पण उंच जाईना. जमिनीला धरून असा पसरत गेला की सुशीलाबाईंचे पाय दिसेनासे झाले. सुशीलाबाई म्हणजे आमची मालकीणबाई, नगरच्या नाटकांत काम करायच्या. आप्पानं कॅमेऱ्यातून डोळा काढला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "उस्ताद!"

आप्पानं आयुष्यात दुसऱ्या कुणाला उस्ताद म्हटलेलं मी ऐकलं नाही. ठकूबाईनं विळा उचलला आणि बजावलं, "शिनुमा कसाबी करा. पर राब चैतात भाजायचा, ध्यानात ठिवा!"

*

बैलांचा किस्सा तर सांगितलाच पाहिजे.

वकील घाबरून पायवाटेनं चालतोय आणि कॅमेरा त्याच्याकडे हळूहळू सरकत जातोय, असा शॉट. स्टुडिओत ह्याला रूळ असतात, चाकांची गाडी असते. आमच्याकडे रामभाऊंची बैलगाडी होती. रामभाऊ श्रीगोंद्याकडचे, आमचं सामान वाहायला आलेले. बैलजोडी काष्टीच्या बाजारातून पारखून घेतलेली, आणि त्या जोडीचा त्यांना पोरांपेक्षा अभिमान. म्हणाले, "गाडीत पान्यानं भरलेला तांब्या ठिवा. थेंब सांडला तर जोडी तुमची!"

तांब्या ठेवून बघितला. खरंच थेंब सांडला नाही. मग गाडीवर कॅमेरा बांधला, मागे आप्पा, शेजारी टेप घेऊन मी. नानानं इशारा केला. आप्पानं कॅमेरा सुरू केला, घर्रर्र. आणि बैल चालू लागले, मागे!

थांबवलं. पुन्हा केलं. कॅमेरा घर्रर्र, बैल मागे. रामभाऊंच्या कपाळावर घाम. "असं कंदी केलं न्हाई हो त्यांनी!" तिसऱ्यांदा कॅमेरा सुरू न करता गाडी हाकली. बैल नीट पुढे. कॅमेरा सुरू केला की पाऊल मागे.

मी फोकस सोडून बैलांकडेच बघत बसलो. हे असं का? शेवटी रामभाऊंनीच कपाळावर हात मारला. ती जोडी मोटेवरची! विहिरीतून भरलेली मोट ओढताना बैल पुढे उतारानं जातात. मोट रिकामी झाली की ती खाली सोडताना वरचं चाक घर्रर्र फिरतं, आणि बैल मागे मागे येतात. बिचारे आयुष्यभर तेच करत आलेले. आमचा कॅमेरा त्यांना विहिरीचं चाक वाटला!

नाना डोक्याला हात लावून बसला. आप्पा मात्र म्हणाला, "राहू दे. मागेच जाऊ दे." मग वकील पुढे चालत येतोय आणि आपण मागे मागे हटतोय, असा शॉट झाला. घाबरलेल्या माणसाचा शॉट होता, तो एकदम घाबरवणाऱ्या माणसाचा झाला! त्या दिवसापासून युनिटमध्ये निम्म्या लोकांनी छातीठोकपणे सांगायला सुरुवात केली, खुनी वकीलच.

वकीलसाहेब स्वतः रात्री गंभीरपणे मला म्हणाले, "मास्तर, माझ्याविरुद्ध पुरावा आहे तो फक्त बैलांचा!"

*

आता हा खुनी कोण, ह्याचा ध्यास सगळ्यांना लागला होता. डॉक्टरचं काम करणारा गंगाधर, मुळात दवाखान्यातला कंपाउंडर. तो तर झोपेत चौघांची नावं पुटपुटायचा. खानसाम्याचं काम करणारे गुलाबराव म्हणजे मुरलेले नट. ते म्हणायचे, "मी खुनी असलो तर चेहरा कसा ठेवू, आणि नसलो तर कसा ठेवू? सांगा ना हो!" नाना सांगायचा, "दोन्ही ठेवा."

शेवटी सुशीलाबाईंनी युक्ती काढली. नानाची बायको, आमच्या वहिनी, सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या. बायकोपासून काय लपतं? सुशीलाबाई भाकरी थापायला म्हणून चुलीपाशी बसल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वहिनी, तुम्हाला तर ठाऊक असेलच ना, खुनी कोण?"

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली. "मला ठाऊक असतं, तर त्या मेल्याला इतके दिवस पोटभर वाढलं असतं का?"

झालं! सुशीलाबाईंनी हे पंगतीत सांगितलं, आणि त्या दिवसापासून सगळ्यांची नजर वहिनींच्या पळीवर. कुणाला आमटी किती, कुणाला तूप किती. गंगाधरच्या भातावर एकदा तूप कमी पडलं. तो पांढराफटक झाला. हात जोडून म्हणाला, "वहिनी, मी नाही हो मारलं!"

वहिनींनी तुपाचं भांडं उलटं करून दाखवलं. संपलं होतं.

*

आणि मग तो दिवस आला. शेवटचा शॉट. पाठमोरा माणूस खिडकीपाशी उभा आहे, आणि तो हळूच वळून आपल्याकडे बघतो. तोच खुनी. त्याचा आवाज नाही, बोलणं नाही. फक्त वळणं आणि बघणं.

नानानं जाहीर केलं, हा शॉट चौघांचाही घ्यायचा. एकेक जण आत येणार. आत फक्त नाना, आप्पा, मी आणि चमकी धरायला महादू. खरा कोणता ते दोघांनाच माहीत.

हा महादू वाडीतलाच. चाळिशीचा शेतकरी, भाताची दोन खाचरं. पहिल्या दिवशी कौलं उतरवायला आला आणि चमकी धरायला राहिला. हात दगडासारखा स्थिर. एकेचाळीस दिवसांत मी त्याच्या तोंडून चाळीस वाक्यं ऐकली नसतील.

मी मनात हिशेब मांडला. फिल्म एकाला पुरेल एवढीच शिल्लक आहे, हे मला ठाऊक होतं. म्हणजे तिघांच्या वेळी कॅमेरा रिकामा फिरणार. आणि रिकाम्या कॅमेऱ्याचा आवाज हलका असतो, भरलेल्याचा जड. हे त्या घरात कुणाला कळणार? मला! आप्पा दर वेळी काळ्या कापडाखाली हात घालून कॅमेरा भरायचा, तेव्हा डोळ्यांचा उपयोग नव्हता. कान टवकारून उभा राहिलो.

वकील आले, वळले, बघितलं. आवाज जड. मी मनात म्हटलं, सापडला! बैल खोटं बोलत नाहीत! मग गंगाधर आला. आवाज जड. सुशीलाबाई आल्या. जड. गुलाबराव आले. तोही जड! चारही वेळा कॅमेरा सारखाच घुमला.

सगळे गेल्यावर मी आप्पाकडे बघत राहिलो. एवढी फिल्म आली कुठून? त्यानं कॅमेऱ्यातून गुंडाळी काढली, डब्यात भरली आणि डबा माझ्यापुढे धरला. वर खडूची अक्षरं, 'वकील'.

मेलेली फिल्म! तिघांच्या वेळी तीच फिरवली होती, आणि एकाच्या वेळी जिवंत. तो डबा आप्पानं इतके दिवस ह्याच्यासाठी सांभाळला होता. "मास्तर," तो म्हणाला, "कान पुसून या."

इतका मोठा टोला मला आयुष्यात कुणी दिला नाही. आणि खरं सांगू? रागही आला नाही. चार नाकांची अंतरं मी स्वतः मोजली होती, चारही बरोबर साडेचार फूट, आणि खुनी माझ्या टेपच्या टोकाला उभा होता!

*

निघायच्या दिवशी सामान भरत होतो. नाना खुशीत होता. महादूच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "महादू, चित्रपट बघायला नगरला यायचं बरं का. खुनी कोण ते बघायला!"

महादू चमकी गोणपाटात गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "त्ये ठावं हाय की."

आम्ही हसलो. नाना म्हणाला, "बरं, सांग कोण ते!"

महादूनं नाव सांगितलं.

नानाचा हात त्याच्या खांद्यावरून खाली आला. नाव बरोबर होतं! हे मला नानाच्या तोंडावरून कळलं, आणि अशा तऱ्हेनं खुनी कोण हे कळणारा मी जगातला चौथा माणूस झालो. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

"तुला कुणी सांगितलं?" नानानं विचारलं.

"माज्या कमरंनं."

मग महादूनं समजावून सांगितलं. तिघांना ऊन द्यायचं तेव्हा आप्पा चमकी छातीशी धरायला सांगायचा. एकाच्या वेळी मात्र म्हणायचा, 'वीतभर खाली.' खालून उजेड आला की चेहरा किंचित वेगळा दिसतो. बघणाऱ्याला का ते कळू नये, पण कळल्यावर आठवावं, एवढंच. आप्पाला वाटलं होतं, ही वीत कुणाच्या लक्षात येणार नाही. मी शेजारी उभा राहून बघत होतो, माझ्या लक्षात आली नाही. पण त्या वीतभरासाठी महादूला वाकावं लागायचं!

"त्या येकाच मानसाच्या टायमाला माजी कंबर धरायची," महादू म्हणाला. "पयल्या दिसापास्नं. म्या म्हनलं, ह्याच्यातच कायतरी काळंबेरं हाय."

नानानं आजूबाजूला बघितलं. "महादू, हे तू आणखी कुणाला..."

"समद्या वाडीला ठावं हाय. ठकूबाईला बी."

"अरे, सांगितलं नाहीस कधी!"

"इचारलं कुनी?" महादू जरा दुखावल्यासारखा झाला. "तुमी आपसातच इचारत हुता."

*

त्यानंतरचे महिने नानानं कसे काढले ते वहिनींनाच ठाऊक. पुण्यात फिल्म जोडली, आवाज भरले, पण ह्याच्या डोक्यात एकच. आठवड्याला राजूरचा बाजार भरतो. वाडीची माणसं बाजाराला जातात. बाजारातला माणूस अकोल्याला जातो, अकोल्याचा नगरला. एक नाव पोचायला किती वेळ लागतो?

आणि तेवढ्यात नानानं एक अजब गोष्ट केली. पहिल्या खेळाला सगळ्या वाडीला बोलावलं. लॉरी पाठवली! आप्पा तापला. "ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच आणून पुढे बसवतोस? मध्येच ओरडले म्हणजे?"

नाना म्हणाला, "त्यांच्या वाडीशेजारी राहिलो, त्यांच्या हातांनी कौलं काढली. न बोलावून कसं चालेल?" एवढं म्हणाला, आणि रात्रभर झोपला नाही.

पहिला खेळ दुपारी तीनचा. थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. लॉरीतून चाळीसेक माणसं उतरली. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, पुरुषांचे फेटे. पुढची चार बाकं वाडीची. आम्ही सगळे मागे, दाराशी. नानानं माझं मनगट धरलं ते सोडेचना.

मध्यंतरापर्यंत सगळं ठीक. बैलांचा शॉट आला तेव्हा अख्खं थिएटर खुर्चीत मागे सरकलं. धुकं आलं तेव्हा ठकूबाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, बस्स.

मध्यंतरात काळ्या टोपीतले एक गृहस्थ उभे राहिले. अंगात कोट, हातात छडी. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची सवय असलेले. "ह्यात काय रहस्य? मी पहिल्या रिळातच ओळखलं! खुनी वकील!" आणि पुढच्या बाकांकडे छडी करून विचारलं, "काय हो पाहुणे, तुमच्याच मुलखातला बंगला ना? तुम्हाला काय वाटतं?"

नानाची बोटं माझ्या मनगटात रुतली.

चाळीस माणसांनी महादूकडे बघितलं. मग महादू उठला, फेटा सारखा केला आणि म्हणाला, "आमी डोंगरातली मानसं, सायेब. आमाला काय कळतंय?" आणि खाली बसला.

टोपीवाले समाधानानं हसले.

शेवटचं रीळ लागलं. वकील सुटला, संशय गंगाधरवर. गंगाधर सुटला, संशय बाईंवर. थिएटरात खोकणं बंद झालं. पडद्यावर खिडकी आली. खिडकीशी पाठमोरा माणूस. नाना पडद्याकडे बघत नव्हता. त्याचे डोळे पुढच्या चार बाकांवर होते. आता कुणीतरी ओरडणार. आता ठकूबाई उठणार.

पाठमोरा माणूस वळायला लागला.

आणि पुढची चारही बाकं उठली! फेटे, लुगडी, म्हातारे, सगळी चाळीस माणसं एकदम उभी राहिली आणि पडद्याकडे पाठ करून आमच्या सगळ्यांकडे वळली. पडद्याचा उजेड थेट आमच्या तोंडांवर होता. मागे खुनी बघत होता, पुढे वाडी बघत होती. अख्ख्या थिएटरनं आ वासला.

तेवढ्यात त्या शांततेत ठकूबाईचा आवाज खणखणीत आला.

"महादू, त्यो बघ, त्यो टोपीवाला! तोंड मिटाया इसरलाय!"